महामायाचे काटे

देगलूरच्या मासळी बाजारात महामायानं उमेदीची सगळी वर्षं मासे कापले. रोहू असो की मरळ, गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत तिचे तुकडे तयार असत. नवरा आनंदराज शाळेत शिपाई होता, आता निवृत्त. त्याला मासळीचा वास सोसत नसे. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते तिच्या ध्यानात आलं. तेव्हापासून बाजारातून आली की ती आधी न्हाणीत जायची, मगच घरात. यावर दोघं कधी बोलली नाहीत.

मागच्या हिवाळ्यात ती ओल्या फरशीवर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झालीत, असं सांगून डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.

"रोज टोपलंभर काटे फेकले मी," ती आनंदराजला म्हणाली, "आन् माझीच हाडं पोकळ निघाली."

तेव्हा तिच्या बचत गटाला सृष्टी नावाची मुलगी नवं काम शिकवत होती. मासळीचे टाकाऊ काटे उकळून, वाळवून दळले की कोंबड्यांच्या खाद्यात घालायचं कॅल्शियम होतं. बाजारातून काटे आणायचं महामायानं कबूल केलं होतं. आता हात गळ्यात.

"मी जातो की," आनंदराज म्हणाला.

"तुम्ही?"

"हाव. बादलीच तर आणायची हाय."

पहिल्या दिवशी तो परतला आणि दारातच ओकला. तिनं पाणी दिलं. "उद्या नका जाऊ."

"उद्या रुमाल बांधतो." मग तोंड धुऊन तो ओट्यावर टेकला. "तू दिवसभर कशी बसत होतीस गं तिथं?"

"सवय," ती म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते.

अंगणात तो काटे उकळी, मांस सोलून काढी, पुन्हा उकळी. मिरची कांडपवाला बजरंग दळायला तयार नव्हता. आनंदराजनं वाळलेले पांढरे काटे त्याच्या नाकाशी धरले. वास नव्हता. "मिरची झाल्यावर आणा," बजरंग म्हणाला, "आन् मशीन धुऊन द्या."

ती भुकटी पाहून महामायानं विचारलं, "मी खाल्ली तर?"

"न्हाई मावशी," सृष्टी म्हणाली. "माणसांसाठी ती कारखान्यात शुद्ध करतात, तपासतात. तुम्ही डॉक्टरांच्याच गोळ्या घ्या." त्या गोळ्या आनंदराज रोज जेवणानंतर तिच्या हातावर ठेवू लागला.

शेजारच्या केवळाबाईच्या कोंबड्या मऊ कवचाची अंडी घालत. खाद्यात भुकटी पडू लागली तशी अंडी टणक झाली. मग गल्लीतल्या बाया भुकटी मागायला येऊ लागल्या.

प्लास्टर निघालं, पण सुरा धरण्याइतकं बळ मनगटात आलं नाही. महामायानं बाजारातली जागा सोडली. तरी सकाळी दोघं तिकडं जातात. तो बादली भरतो, ती जुन्या गिऱ्हाइकांशी बोलत बसते.

"आज कटल्याची डोकी लई मिळाली," परत येताना तो सांगतो.

"रोहूची हायत ती," ती बादलीत डोकावून म्हणते, आणि चालता चालता त्याला दोन्हींतला फरक समजावते.