आत्याच्या मनगटातला रंगूनचा दगड

विधवेच्या हातात हिरवी बांगडी! आमच्या धारच्या आळीला एवढा विषय वर्षभर सहज पुरला असता. त्यांनी तो दहा वर्षं पुरवला.

ही विधवा म्हणजे माझी सख्खी आत्या, बाबांची धाकटी बहीण. तिचे यजमान रंगूनला लाकडाच्या वखारीत कारकून होते. लढाईत तिकडे बॉम्ब पडू लागले तेव्हा दोघं हजारो लोकांबरोबर डोंगर तुडवत इकडे निघाले. यजमान वाटेतच गेले. आत्या एकटी नेसत्या लुगड्यानिशी आमच्या दारात उभी राहिली. कमरेला एक पुरचुंडी होती आणि तीत ही बांगडी, अख्ख्या एका दगडातून कोरलेली. पुढे तिनं ती हातात कधी चढवली, कुणाला कळलं नाही. कळलं तेव्हा हात भरला होता आणि बांगडी निघेना.

बाबांनी आधी सराफाला घरी बोलावून दाखवली. तो माळव्यातला, त्यानं चष्मा वर करून एकदाच पाहिलं. “भिया, यो तो भाटो है,” म्हणाला. भाटा म्हणजे दगड. “नवरत्नांत नाव नाही याचं.” झालं! ज्याचं नाव यादीत नाही त्याला आमच्याकडे माणसांतसुद्धा कुणी विचारत नाही, तिथं दगडाची काय कथा. आत्या सांगायची की ब्रह्मदेशात याला सोन्याहून मान आहे, मुलीला लहानपणी घालतात ती जन्मभर काढत नाहीत, अंगाच्या उबेनं रंग खुलतो. पण ऐकतंय कोण? बाबांनी तिचा हात पाट्यावर ठेवून वरवंटा हाणला. बांगडीला ओरखडाही नाही, वरवंट्याचा मात्र टवका उडाला. आई म्हणाली, “अहो, वन्संचा हात फोडाल! आणि वाटण कशावर वाटू मी?” तेव्हापासून कुणी आलं की आत्यानं मनगटाला पदर गुंडाळून आत बसायचं, असं ठरलं.

मग संस्थान विलीन झालं. बाबा दरबारच्या फरासखान्यात तंबू-गालिच्यांचा हिशेब ठेवायचे. ते आता सरकारी कचेरीत रस्त्यांच्या खडीचा ठेवू लागले, पण ऐट गालिच्यांचीच राहिली. अशा ऐटीला शोभेल असं स्थळ मला देवासहून सांगून आलं. देवासात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एक राज्य, पलीकडे दुसरं. दोन्ही राज्यं गेली तरी हे मुलाचे वडील धाकट्या पातीचे म्हणून पलीकडच्या पटरीवरून चालत नसत. मुलगा शिक्षक होता, उंच होता, स्वतःची सायकल होती. मला तो आवडला होता. खोटं कशाला बोलू?

पाहुणे आले. आईच्या हातात पोह्यांचं ताट, म्हणून पाण्याचा तांब्या आत्यानं आणला आणि नेमका पदर सुटला. बाबांचा चेहरा पडला. पण मुलाचे वडील ताडकन उठले. “थांबा! आम्ही जवाहिरखान्यात वीस वर्षं काढलीत.” त्यांनी बांगडीवर फुंकर मारली, नखानं टिचकी मारली, डोळे मिटले. “पाचू! अख्खा पाचू!”

“पाचू नाही हो तो,” आत्या म्हणाली. “ब्रह्मदेशातला दगड आहे. जेड म्हणतात.”

“बाई, तुम्हाला काय कळतंय त्यातलं!”

मी बाबांकडे पाहिलं. सराफाचं बोलणं त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण बाबा खाकरले आणि म्हणाले, “आमच्या घराण्यातली चीज आहे. लग्नात मुलीच्याच हातात जायची.”

कालपर्यंतचं अवलक्षण एका फुंकरीत घराणेदार झालं! देवासकरांनी तिथल्या तिथे होकार दिला, बांगडीसकट.

आता बांगडी काढायची कशी? साबण झाला, रिठे झाले, तीळतेल झालं. हात लालबुंद झाला, आत्या हूं की चूं करीना. शेवटी बाबांनी पंचांग काढलं. आत्या एकादशी करायचीच. बाबांनी त्यात शंकराचा सोमवार घातला, गणपतीचा मंगळवार, दत्ताचा गुरुवार, मारुतीचा शनिवार. पाचू बुधाचा म्हणून बुधवारही घातला. आईनं पहिल्या सोमवारी साबुदाण्याची खिचडी केली तर बाबा कडाडले, “साबुदाण्यानं मनगट वाढतं! नुसतं ताक द्या.” तेहतीस कोटी देव माझ्या लग्नाच्या कामाला लागले होते आणि उपाशी एकटी आत्या राहत होती.

आणि मी काय करत होते? रोज दुपारी तिच्याशेजारी बसून गप्पा मारता मारता बांगडी फिरवून पाहायचे. सैल झाली का? आत्याला कळत होतं. ती हात मागे घ्यायची नाही. आज लिहितानाही लाज वाटते मला त्याची.

तिसऱ्या आठवड्यात, बाबा जेवायला बसलेले असताना, आत्या ओसरीवर आली. चालताना भिंत धरत होती. तिनं हात नुसता खाली सोडला आणि बांगडी बाबांच्या ताटाशेजारी येऊन पडली. फुटली नाही. बाबा हरखून म्हणाले, “निघाली!”

“निघणारच,” आत्या म्हणाली. “डोंगरात अशीच गळून पडली होती, दादा. ह्यांना चालवेना. एका गावात मी ती बांगडी पुढे केली, हिच्या बदल्यात मूठभर तांदूळ द्या म्हटलं. कुणी दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी हे गेले.”

बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

“तुझ्याकडे आले तेव्हा वहिनींनी काही न विचारता भात वाढला. रोज वाढला. महिन्याभरानं बांगडी घालून पाहिली, सैल होती. मग बसली, मग अडकली. तेव्हा वाटलं, आता आपण जगलो. म्हणून काढायची नव्हती रे मला. तुम्हाला पाचू हवा तर न्या.”

बाबांनी ती बांगडी उचलली. त्यांनी आत्याचा हात ओढला, बांगडी तिच्या काटकुळ्या हातात परत सरकवली आणि आईवर खेकसले, “बघत काय बसलीस? वाढ हिला!” त्या दिवशी गुरुवार होता. दत्तानं काही मनावर घेतलं नाही.

देवासला पत्र गेलं की बांगडी निघत नाही. उलट टपाली उत्तर आलं की पत्रिका जुळत नाही. मी चार दिवस रडले, आत्यानं माझं डोकं मांडीवर घेतलं, आणि पाचव्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून श्रीखंड केलं. पुढे माझं लग्न धारमध्येच झालं, साध्या काचेच्या चुड्यात.

त्या दिवसानंतर रोज जेवताना बाबा आत्याच्या ताटाकडे पाहायचे आणि स्वतःच्या हातानं तिच्या भातावर तूप घालायचे. बांगडी पुन्हा अडकायला चार महिने लागले.