पहिला पसंतीक्रम

दहावीचा निकाल लागला की आम्ही शिक्षक पोरं गोळा करायला निघतो. हसू नका. अकरावी सायन्सची तुकडी भरली नाही तर ती बंद पडते आणि आमच्यातलं कुणीतरी घरी बसतं. शहापूर-मुरबाडच्या सीमेवरच्या एका कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. नाव कशाला सांगू? बायोलॉजीची जागा दोन वर्षं रिकामी आहे, प्रयोगशाळेला कुलूप आहे. दारोदार फिरताना हे मी बोलत नाही.

गेल्या वर्षी तुकडीला नेमकं एक पोर कमी पडत होतं. त्याच वर्षी माझी मुलगीही दहावी झाली. तिला सरकारी मेडिकलला जायचं होतं.

मी धसईच्या पुढं एका घरी गेले. वडील ओटीवर भाताचं बियाणं निवडत बसले होते. त्यांच्या मुलीला माझ्या मुलीपेक्षा जास्त मार्क होते आणि तिलाही डॉक्टरच व्हायचं होतं. वडलांनी विचारलं, "मॅडम, तुमची पोरगी कुठं घालणार?"

"आमच्याकडंच की." जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही उगाच नाही.

"मग आमची पण तिकडंच. तुमी सोताच्या पोरीचं वाईट थोडंच करणार."

ऑनलाइन अर्ज मीच माझ्या मोबाइलवर भरायला घेतला. पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, कल्याणचं पहिलं टाकलं तर?"

"धसईहून मुरबाड, मुरबाडहून कल्याण. एसटीतच दिवस जाईल गो, अभ्यास कधी करशील?" तेवढं खरं होतं, म्हणूनच ते वापरलं. कल्याणच्या मुलींच्या वसतिगृहाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. पहिल्या क्रमांकावर आमचं कॉलेज टाकलं. पहिलं मिळालं की घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. आणि आमचं तिला मिळणार यात शंकाच नव्हती. आमच्याकडं कुठं गर्दी?

आसनगावला घरी येऊन मुलीचा अर्ज भरला. पहिलं कल्याणचं. आमचं कॉलेज यादीतच नाही.

"आई, शेवटचं म्हणून तरी तुझं टाक. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मला नको शिकवूस," मी खेकसले. जेवण काही गेलं नाही. स्वतःची किळस येत होती, पण अर्ज बदलावा असं एकदाही वाटलं नाही.

कॉलेज सुरू झालं. धसईकडची ती पोरगी पहिल्या बाकावर बसली होती. शेजारची जागा तिने दप्तर ठेवून धरली होती.

"मॅडम, तुमची मुलगी नाय आली?"

"ताप आलाय तिला."

तास संपल्यावर सगळे बाहेर गेले, ती थांबली. तिच्या हातात दोन वह्या होत्या. त्यातली एक माझ्यापुढं धरून म्हणाली, "मी तिच्यासाठी पण उतरून घेतलंय. ती मागं नको पडायला."

मी वही घेतली. म्हटलं, "बरं, देते तिला."