मुद्देमाल: एक डोळा

ती घटना आठवली की आधी माझंच मला हसू येतं. तेव्हा मी परंड्याच्या ठाण्यात होतो. दुपारी एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या कासारीणबाई तक्रार द्यायला आल्या. बसस्थानकावर त्यांची पिशवी चोरीला गेली होती.

"पिशवीत काय होतं?"

"माझा डोळा, साहेब."

"मावशी, इथं चेष्टा करायची नाही," मी पोलिसी तोऱ्यात म्हणालो.

त्यांनी पट्टी वर केली. डोळा, पापण्या, काहीच नव्हतं. खोबणीच्या कडेला हाडात बसवलेली तीन बारीक धातूची बटणं तेवढी होती. माझा तोरा तिथंच उतरला.

करोनानंतरच्या काळ्या बुरशीत त्यांचा डोळा काढावा लागला होता. आता पापण्यांसकट नवा डोळा मिळाला होता. त्याच्या मागं लोहचुंबक. बटणांजवळ नेला की टक्कन बसायचा. एसटीतली धूळ नको म्हणून त्यांनी तो डबीत ठेवला होता.

"पट्टीच्या बाईला लग्नघरी कोण बोलावतंय? दोन वर्सं कुणी बोलावलं न्हाय. परवा शेजारच्या वाशीला नवरीचा चुडा भरायचाय. दुसरा डोळा करायचा तर लई म्हैने लागत्याल."

गुन्हा दाखल केला. मालाच्या वर्णनात 'एक डोळा' लिहिताना हवालदारानं माझ्याकडं दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या एका गावातून देवळाच्या गुरवाचा फोन आला. "साहेब, देवीला कुणीतरी डोळा वाहिलाय."

डोळ्यांचं दुखणं बरं झालं की आमच्याकडं देवीला चांदीचे डोळे वाहतात. मी म्हणालो, "चांदीचा असेल."

"न्हाय. माणसाचा हाय. पापण्या हायत."

तपासकौशल्य म्हणाल तर एवढंच, की मी लगेच गाडीत बसलो. डोळा देवीपुढच्या लोखंडी त्रिशूळाला चिकटला होता. पहाटे कोण येऊन गेलं ते गुरवानं सांगितलं. आमच्या ओळखीचाच पाकीटमार निघाला. त्याला ठाण्यात आणलं. बाह्या सरसावून मी चौकशीला बसलो, तर पहिल्या प्रश्नाआधीच गडी रडायला लागला.

"डबी उघडली तर डोळा माझ्याकडं बघाय लागला. देवीचाच असंल म्हून ठिवाय गेलो, तर त्रिशूळानं हातातनं वढून घेतला. देवीनंच धरल्यावर तुमास्नी काय खोटं सांगू?"

लोहचुंबकाचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

पंचनामा झाला. पण कोर्टाच्या हुकमाशिवाय मुद्देमाल परत देता येत नाही, आणि चुडा दुसऱ्याच दिवशी भरायचा होता. अर्ज लिहिला, बाईंना घेऊन कोर्ट गाठलं आणि ओळख पटवण्यापुरता डोळा त्यांच्या हातात दिला. बाहेरच्या नळावर त्यांनी डोळ्याला लागलेलं कुंकू हळुवार धुतलं आणि पाठ फिरवून तो लावला.

"सरळ दिसतोय का, दादा?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत असला प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी होकारार्थी मान डोलावली.

न्यायाधीश मॅडमनी अर्ज वाचला. "मुद्देमाल कुठं आहे?"

"समोरच आहे, मॅडम."

त्यांनी चष्मा पुसून बाईंकडं निरखून पाहिलं. "यातला कोणता?"

हुकूम लगेच झाला.

वाशीहून परतताना बाई ठाण्यात डोकावल्या. "भरला चुडा, दादा. समदे नवरीच्या हाताकडं बघत व्हते. माझ्याकडं कुणीच बघितलं न्हाय."

हे सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. कुणी आपल्याकडं बघत नाही, याचंही माणसाला केवढं सुख असतं, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मी माणसांकडं रोखून बघण्याचाच पगार घेत आलो होतो.