खाली दात, वर डोकं

आमच्या टिळकवाडीत माणसाचा दात किडलेला चालतो, मन बिघडलेलं चालत नाही. गुडघे बदलून आलेली माणसं हौसेनं पायजमा वर करून टाके दाखवतात. शुगर किती, हे तर न विचारता सांगतात. पण मनाच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं की घराच्या खिडक्या आधी बंद होतात.

आम्ही जात होतो त्या डॉक्टरांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. तळमजल्यावर दातांचा डॉक्टर. बसायचा हॉल दोघांत एकच, तोही खाली, आणि वर जाणारा जिना त्याच हॉलच्या कोपऱ्यात. रस्त्यावर दातांची पाटी दाराएवढी, डोक्याची वहीएवढी. ही सोय ज्यानं काढली त्याचा टिळकवाडीनं शाल-नारळ देऊन सत्कार करायला हवा. अख्खी वस्ती तिथं गालाला रुमाल लावून बसलेली असायची आणि एकाचाही गाल सुजलेला नसायचा. कंपाउंडर जिन्यावरून नुसतं ‘वरचे, सात नंबर’ म्हणायचा. मग ते सात नंबर पाणी प्यायला उठल्यासारखं उठायचे, फिल्टरपाशी जायचे आणि तिथनं हळूच जिना चढायचे.

आम्ही म्हणजे मी, माझा नवरा आणि आमचा सव्वीस वर्षांचा मुलगा. मी हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालेली, नवरा वकील. मुलगा इंजिनिअर, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत होता. आधी त्याचं मित्रांकडे जाणं थांबलं, मग हसणं, मग एक दिवस कामावर जाणंच थांबलं. दिवसभर पडदा ओढून खोलीत. ताट दाराशी ठेवायचं आणि तसंच परत उचलायचं. शेजाऱ्यांना आम्ही सांगितलं, वर्क फ्रॉम होम आहे. फाउंड्रीचं वर्क फ्रॉम होम! घरात लोखंड वितळवतो का, असं कुणी विचारलं नाही, हे शेजाऱ्यांचे उपकार.

त्याच दिवसांत आमच्या महिला मंडळानं मानसिक आरोग्यावर व्याख्यान ठेवलं होतं. आभार मानायला मी. ‘मनाचा आजार लपवू नका’ हे मी माइकवर असं काही म्हटलं की टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी एकीनं विचारलं, “मुलगा दिसत नाही हो हल्ली?” मी म्हटलं, “काम फार असतं त्याला.” आणि वर दुसरा वडा घेतला. अशी मी बाई.

खेड्यातली माणसं अडाणी, हे मात्र आम्ही नवरा-बायको ठामपणे म्हणायचो. उदाहरण घरातच होतं. नवऱ्याची चुलत बहीण खानापूरच्या पलीकडं एका खेड्यात दिलेली. सगळे तिला आक्काच म्हणतात. तिच्या धाकट्या दिराला कानात कुणीतरी बोलतंय असं व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी काय नाही केलं! देवरशी झाला, लिंबं झाली, कोंबडी झाली. एक अख्खा पावसाळा त्याला गोठ्यात दावं लावून बांधून ठेवला होता. त्या दाव्याचा वळ त्याच्या घोट्यावर अजून आहे. शेवटी गावातल्या नर्सबाईनं भांडून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं मनाचा डॉक्टर महिन्यातनं एकदा येतो. डॉक्टर आला तर गोळ्या नसतात, गोळ्या आल्या तर एसटी नसते. तरी आक्का त्याला नेत राहिली. गावात त्याला तोंडावर ‘येडं’ म्हणतात, आणि तेच लोक पारावर अडवून विचारतात, “गोळी खाल्लास काय रं?” हे ऐकून आम्ही हसायचो. काय ही माणसं, चारचौघांत काय बोलावं याची काही रीत!

रीत आमच्याकडे. दवाखाना घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि तिथं पोचायला आम्हाला अडीच वर्षं लागली. तेही गाडीनं जायचं आणि गाडी दोन गल्ल्या सोडून लावायची.

पण गोळ्यांनी गुण आला, हे खरं. तीन महिन्यांत पोरगं टेबलावर येऊन जेवायला लागलं. एकदा तर थालीपीठ मागितलं. मी गॅसपाशी उभी राहून रडले आणि थालीपीठ करपलं, तेही त्यानं खाल्लं.

आणि मग माझ्या नवऱ्यानं दात भरून घेतला.

त्याचं असं झालं. त्या दिवशी हॉलमध्ये आमच्या समोरच्या बंगल्यातले निवृत्त बँक मॅनेजर बसलेले. त्यांच्या तोंडात वर-खाली कवळी. कवळी कशी किडते, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्यांच्याकडे. “दात?” “दात.” तेवढ्यात जिन्यावरून हाक आली, “वरचे, सात नंबर!” सात आमचा. मॅनेजरांची नजर आमच्यावरून हलेना. माझा नवरा उठला आणि भर कोर्टात उलटतपासणीला निघाल्यासारखा थेट दातांच्या डॉक्टरच्या खोलीत शिरला. जाता जाता मुलाला म्हणाला, “तू बस, माझं आधी होऊ दे.” आत डॉक्टरनं आ करायला लावलं. शोधलं की सापडतंच, एक दाढ किडलेली निघाली. पाऊण तास मशीन घरघरत होतं. मी आणि मुलगा बाहेर. वरचा नंबर सातवरून आठ झाला, नऊ झाला, आणि मी बसून राहिले. मीही उठले नाही. वरचे डॉक्टर त्या दिवशी लवकर निघून गेले. पुढली तारीख मिळाली तीन आठवड्यांनी.

गोळ्या होत्या चार दिवसांच्या. टिळकवाडीतल्या मेडिकलवाल्याकडे मागायच्या? छे! तो नवऱ्याचा पक्षकार. म्हणून नवरा पार गावाबाहेर हिंडलग्यापर्यंत जाऊन आला. तिथल्या माणसानं नवी चिठ्ठी मागितली आणि याला हात हलवत परत पाठवलं. दवाखान्यात फोन करून चिठ्ठी मागावी, तर फोन कंपाउंडर उचलणार, नाव मोठ्यानं विचारणार. आम्ही फोन केला नाही. दोन शिकलेली माणसं, एक वकील, एक मास्तरीण. पहिल्या आठवड्यात पोरगं पुन्हा खोलीत गेलं. दुसऱ्यात अंघोळ बंद. तिसऱ्यात मी दर तासाला दाराला कान लावून आत श्वास ऐकू येतो का बघत होते. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तारखेला त्याला कसंबसं नेलं. हॉल भरलेला, मॅनेजर कवळी घेऊन हजर. बाहेर एक छोटा हत्ती टेम्पो थांबला आणि त्यातनं आक्का उतरली, मागनं तिचा दीर. तिकडच्या सरकारी दवाखान्यात दोन महिने गोळ्या आल्या नव्हत्या, म्हणून नर्सबाईनं इकडं पाठवलेलं. आक्का दारातनंच ओरडली, “डोस्क्याचा डागतर ह्योच न्हवं?”

हॉलमधले सगळे रुमाल गालावर घट्ट झाले. आक्कानं आम्हाला पाहिलं.

“अरं, तू हितं काय करालास रं?” ती माझ्या नवऱ्याला म्हणाली.

“दात,” नवरा म्हणाला.

“आणि ह्याला?”

“त्याचाही दात.”

आक्कानं मुलाकडं बघितलं. वाढलेली दाढी, आत गेलेले डोळे. ती त्याच्याशेजारी जाऊन बसली, त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला. नर्सबाई दर महिन्याला तिच्या दिराला जे विचारायची ते तिला पाठ झालं होतं. तेच तिनं विचारलं, जसं दिराला विचारतात तसं, मोठ्यानं. “जेवालास काय रं बाळा? झोप लागत्या? जगावं असं वाटतंय का न्हाय?”

आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मुलगा तिच्याकडं बघत राहिला आणि तिच्याच बोलीत म्हणाला, “न्हाय आत्या. झोप न्हाय. जगावं असं बी वाटत न्हाय. लई दिवस झालं.”

कुणीतरी खुर्ची सरकवली. माझा नवरा वाकून म्हणाला, “हळू बोल. लोक आहेत.”

आक्का उठली. जिन्याशी जाऊन कंपाउंडरला म्हणाली, “पयला नंबर कुणाचा असंल तो असू दे. आदी ह्याला घ्या. आमी थांबतो.” तिचा दीर मान हलवून म्हणाला, “व्हय, थांबतो की.” एसटीच्या नादाला न लागता भाड्याची गाडी करून, पहाटे निघालेली ती माणसं. मॅनेजरांनी पाय आत घेऊन वाट करून दिली.

मुलगा उठला. जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून म्हणाला, “हळूच सांगितलं होतं की.”

त्यानं ते बापाकडं बघून म्हटलं नाही, माझ्याकडं बघून म्हटलं. आणि मला आठवलं. कामावर जाणं सोडायच्याही आधी, एका सकाळी मी पोहे फोडणीला टाकत होते. तो मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “आई, मला जगायचा कंटाळा आलाय.” मी गॅस बारीक केला, खिडकी ओढून घेतली आणि म्हटलं, “हळू बोल, खाली भाडेकरू आहेत.”