चार वाजता निघणारी माणसं

आमच्या गावातून चार वाजता निघावं लागतं. गिरडच्या पुढे एक रस्ता जंगलात शिरतो आणि जिथे संपतो तिथे माझं माहेर. गावामागे नाला, नाल्यापलीकडे चंद्रपूर जिल्हा. वर्धा जिल्ह्याच्या लेखी आम्ही अगदी शेवटचे, आणि चंद्रपूरवाल्यांच्या लेखी नाहीच. एस.टी. फाट्यापर्यंत येते. तिथून पुढे सहा किलोमीटर साग आणि बांबू, पावसाळ्यात तर भरदुपारीही अंधारल्यासारखं होतं. वाघ नाल्यापलीकडून येतो. त्याने गाय मारली की भरपाईसाठी इकडचा फॉरेस्ट गार्ड म्हणतो वाघ तिकडचा, आणि तिकडचा गार्ड म्हणतो गाय इकडची. तेवढ्यात वाघाचं जेवण उरकलेलं असतं.

म्हणून साडेपाचच्या आत गावातला प्रत्येक माणूस घरात, आणि आलेला पाहुणा चारला फाट्याच्या वाटेवर.

मी बारावीनंतर बाहेर पडले. आता वर्ध्याला एका शाळेत क्लार्क आहे. भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. अभ्यासात तो माझ्याहून कमी नव्हता, पण बाबांनी ठरवलं की पोरगी शिकेल आणि पोरगा घर पाहील. जंगलातल्या माणसाने पोरीला शिकवलं म्हणून चार गावांनी बाबांचं कौतुक केलं. मीही केलं. भावाला काय वाटतं ते कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आता तो चौतीस वर्षांचा आहे. दारू नाही, तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही. आमच्या भागात खर्रा न खाणारा पोरगा शोधायला कंदील घेऊन फिरावं लागेल. तरी चार वर्षांत सात ठिकाणी मोडलं. पोरगी पसंत पडायची, पोरगाही पसंत पडायचा, आणि मग पोरीकडचे घर पाहायला निघायचे. वाटेत वनविभागाचा फलक आहे, 'वाघाचा वावर आहे, एकट्याने फिरू नये.' एक जीप तर त्या फलकापासूनच माघारी वळली. आईने केलेल्या पुरणपोळ्या आम्ही दोन दिवस खाल्ल्या.

मग मी डोकं चालवलं. मामाचं समुद्रपूरला पक्कं घर आहे, फरशी आहे, दारात नळ आहे. मी म्हटलं, घर पाहण्याचा कार्यक्रम तिथेच करू. पोरगा समुद्रपूरलाच राहणार आणि शेती जाऊन-येऊन करणार असं सांगू.

"पण मी कुठं राह्यतो तिथं?" भाऊ म्हणाला.

"लग्नानंतर पाहू."

"मंग ते पोरगी बी जंगल लग्नानंतरच पाहीन का?"

"तू गप्प बस," मी म्हटलं. शहाणी मी होते ना घरात.

पोरगी नाचणगावकडची होती, एका लॅबमध्ये रक्त तपासायची. आजकाल पोरी स्वतः घर पाहायला येतात, तशी तीही आई-वडिलांबरोबर आली. पोहे झाले, पहिला चहा झाला. त्या दोघांना बोलायला आतल्या खोलीत बसवलं. दार उघडंच होतं. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी होते, लाज कशाला बाळगू. भाऊ तिला सांगत होता की वाघ दिसला की सांबर कसं ओरडतं. तिने म्हटलं, करून दाखवा. आणि माझ्या त्या मुखदुर्बळ भावाने खरंच करून दाखवलं. पोरगी खळखळून हसली. बाहेर तिचे वडील सुपारी कधी फोडायची ते विचारत होते. मामीने मला चिमटा काढला. त्या वेळी मला इतका आनंद झाला होता की आता आठवलं तरी संताप येतो.

मामीने दुसऱ्या चहाचं आधण ठेवलं तेव्हा चार वाजले.

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि त्यांनी दुपट्टा गळ्यात टाकला. आईने पदर सारखा केला आणि ती चपला शोधू लागली. आतल्या खोलीतून भाऊ आला, त्याच्या हातात मोटारसायकलची किल्ली होती. तिघेही एकदम दाराकडे निघाले.

"काहो, कुठं निघाले?" पोरीच्या वडिलांनी विचारलं.

"चार वाजले ना," बाबा म्हणाले. अख्खी दुनिया चारला उठून घरी जाते, अशा थाटात.

पुढचं सगळं बाबांनीच सांगून टाकलं. त्यांना खोटं बोलता येत नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. मग मी बोलायला लागले. गाव चांगलं आहे म्हटलं. माणसं जीव लावणारी आहेत, पाणी गोड आहे, वाघाचं काय, सवय होते. मी फार छान बोलत होते. पोरीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुम्ही माहेरी मुक्कामी शेवटच्या कधी राह्यल्या होत्या?"

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिने आजोळची सकाळ पाहिलेली नाही.

"नोकरीमुळे जमत नाही," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी तिला तिथल्या तिथे सुनावलं असतं. भाऊ माझ्याकडे पाहत होता. मी पाहिल्यावर त्याने किल्लीकडे पाहिलं आणि ते तिघं एकाच गाडीवर बसून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा मलाच फोन आला. पोरगी नाही म्हणते. "जंगलाचं आधीच सांगतलं असतं तर विचार केला असता म्हणते ते. पण लपवलं काऊन?" तोंडदेखलं बोलले असतील, असं मी त्या दिवसापासून स्वतःला समजावते आहे.

भावाला हे फोनवर सांगायचं नाही असं ठरवलं. पुढच्या शनिवारी सुट्टी टाकली आणि बॅगेत गाऊन, टॉवेल, दात घासायचा ब्रश भरला. आज राहायचंच. नवऱ्याला तसं सांगूनही निघाले.

मी पोहोचले तेव्हा भाऊ शेतात कुंपणाला विजेच्या झटक्याची तार जोडत होता. मी जे झालं ते सांगितलं, तिच्या वडिलांचं शेवटचं वाक्यही सांगितलं. सांगितलं नसतं तर ते आणखी एक खोटं झालं असतं.

"बरं," तो म्हणाला. तार पक्की करून झाल्यावर हात पुसत म्हणाला, "सांबराचं आवडलं होतं तिले."

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो घरी आला, माझ्याबरोबर जेवला, माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली. मी बॅग पायाशी ठेवून बसले होते. आज राहते, एवढंच म्हणायचं होतं. पण कोणत्या तोंडाने म्हणणार? आता राहिले तर ते त्या पोरीला उत्तर देण्यासाठी राहणं झालं असतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळलं असतं. तरी म्हणायला हवं होतं. तो आग्रह करील याची मी वाट पाहिली, आणि मी म्हणेन याची कदाचित त्याने.

चार वाजता त्याने गाडी बाहेर काढली.

"चल ताई, फाट्यावर सोडून देतो. बॅग समोर दे, जड दिसते."

त्याने बॅग टाकीवर ठेवली. अंगणातल्या बाजेवर आईने एक जास्तीची गादी उन्हात टाकली होती, माझी बॅग पाहूनच टाकली असणार. आई दारात उभी होती. मी गादीकडे न पाहता भावाच्या मागे बसले.