तेवीस ओहमचे काका

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका चहाला येतात ते खिशात मीटर घेऊनच. परवा त्यांनी आमचा गीझर तपासला. "दोनशे तीस व्होल्ट, दहा अँपिअर. भागलं की तेवीस ओहम, गुणलं की तेवीसशे वॅट. लई खातोय की!" चहा तोवर गार.

मे महिन्यात सोलापूर तापलं, इमारतीतले सगळे कूलर एकदम लागले आणि फ्यूज सारखा उडू लागला. काकांनी एकूण करंट काढला, जिन्यातली जुनी वायर तो सोसणार नाही असं जाहीर केलं आणि त्याच विद्वानाने फ्यूजमध्ये जाड तार घातली. "आता उडतंय व्हय!"

फ्यूज खरंच उडाला नाही. वायर जळाली. आम्ही सगळे रस्त्यावर खोकत उभे होतो, तेव्हा काका समाधानाने म्हणाले, "बघा, हिशोब बरोबर आला का न्हाय?"