मस्कतच्या पट्ट्या

जुबेदाबाईंची साखर तेरा होती, आणि कासू गावात तेराला कुणाचीच हरकत नव्हती.

बोट टोचून साखर सांगणारं यंत्र त्यांच्या मुलानं, तमीमनं, मस्कतहून पाठवलेलं. शेजारच्या सगुणाबाईंचं यंत्र पेणच्या दुकानातलं. त्यावर दोनशे दहा.

"माजी दोनशे दहा आन तुजी तेरा? चाय तर माझ्यापरीस गोड पितेस गो!"

"परदेशी मशीन हाय. उगाच वाढवून सांगत नाय," जुबेदाबाई म्हणाल्या. वर्षभर त्या याच समजुतीवर गोड चहा पीत आणि आंबे खात होत्या.

मग तळपायाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा त्या गाडीनं रोह्याला डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"मावशी, तिकडचं माप वेगळं असतं. आपला आकडा हवा तर याला अठरानं गुणायचं."

डॉक्टर मोबाईलमध्ये गणित शोधेपर्यंत जुबेदाबाईंनी अठरा दाहे एकशेऐंशी, अठरा त्रिक चोपन्न करून दोनशे चौतीस सांगितले. सगुणाबाईंपेक्षा चोवीस जास्त. डॉक्टरांनी गोळी वाढवली, आंबे काढून घेतले आणि म्हणाले, "हे ठेवून द्या. इथलं यंत्र घ्या. पट्ट्या समोरच्या मेडिकलमध्ये कधीही मिळतील."

"नको," जुबेदाबाई म्हणाल्या. "गुणाकार येतो मला."

अडचण गुणाकाराची नव्हतीच. रक्ताचा थेंब ज्या पट्टीवर घ्यायचा, ती या यंत्राची पट्टी इथं मिळत नसे. दर दीड-दोन महिन्यांनी तमीम पन्नास पट्ट्यांची डबी सुट्टीवर येणाऱ्या कुणाकडे तरी देई. तो माणूस डबी द्यायला येई आणि तासभर बसे. तमीमचं पोट सुटलंय, सून सादिया गाडी चालवायला शिकली आणि पहिल्याच दिवशी भिंतीला ठोकली, असलं सगळं त्या तासात कळे. फोनवर तमीम साखर विचारी, जेवलीस का विचारी, आणि मग नेट जाई. नवरा गेल्यापासून त्या घरात पाव्हणा म्हणून जे कुणी येई, ते डबी घेऊनच.

डॉक्टरांचं बोलणं कळल्यावर तमीमला मोकळं वाटलं. "मग तिथलंच घे ना, अम्मी. दरवेळी लोकांना किती सांगायचं?"

"इथल्या पट्ट्या माझ्या रक्ताला मानवत नायत," जुबेदाबाई म्हणाल्या.

वैद्यकशास्त्रात हे बसत नाही. पण तमीम गोदामाचा सुपरवायझर, त्याला ते पटलं. शिवाय तो गुणी मुलगा. आईला पट्ट्यांसाठी खोळंबून राहावं लागतं हे त्याच्या मनाला लागलं, आणि त्यानं त्याचा कायमचा बंदोबस्त केला.

महिन्याभरानं त्याच्या कंपनीतला इलियास मोटरसायकलीवरून आला. जुबेदाबाईंनी चहाचं आधण ठेवलं. इलियासनं ओट्यावर खोकं टेकवलं; गाडी चालूच होती.

"खाला, एकदम पाचशे दिल्यात. दीड वर्ष कुणाची वाट बघायला नको!"

"ते राहू दे. बस तरी."

"आज नाय. पुढच्या टायमाला बसतो ना."

पुढचा टाइम म्हणजे दीड वर्ष, हा हिशेब त्यानं स्वतःच आत्ता सांगितला होता. पण तो फाटकापाशी पोचलाही होता. दोन कपांचा चहा जुबेदाबाईंनी एकटीनं प्यायला, बिनसाखरेचा.

त्यानंतर त्या उठल्यावर तपासू लागल्या. मग न्याहारीच्या आधी, न्याहारीनंतर, आणि प्रत्येक नमाजानंतर. कपडे वाळत घालून आल्या की एकदा. साखर तेवढ्यात कुठं जात नव्हती. पट्ट्या मात्र जात होत्या.

दोन महिन्यांनी त्या रोह्याला गेल्या. डॉक्टरांनी यंत्रातले जुने आकडे मागे मागे नेले, आणि दार उघडून बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "या मावशींकडून शिका! दिवसाला आठ-आठ वेळा तपासतात. काळजी अशी घ्यावी लागते."

बाकावरच्यांनी अपराधी चेहऱ्यानं मावशींकडे पाहिलं. जुबेदाबाईंनी चाळणी झालेली बोटं पदराखाली घेतली.

"डॉक्टर, दहा वेळा केली तर चालंल?"

डॉक्टरांनी आनंदानं परवानगी दिली.